व्याह्यांचे ऊन

सूर्याशी बरोबरीच्या नात्याने वागणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमचे व्याही. इतर लोक सूर्याला अर्घ्य देतात, नमस्कार घालतात, नाहीतर त्याला पाठ दाखवून सावलीला पळतात. आमचे व्याही यांपैकी काही करीत नसत. ते त्याच्यासमोर उभे राहत. अकोल्याच्या उन्हाळ्यात कावळा चोच उघडी टाकून निंबाच्या फांदीत दडतो आणि रस्त्यावरचे डांबर टांग्याच्या चाकाला चिकटून चार पावले बरोबर चालते. अशा भर दुपारी ते आपल्या जिनिंग फॅक्टरीच्या अंगणात मधोमध, बोडक्या डोक्याने, हात पाठीशी बांधून उभे असत. वर्ण विलक्षण गोरा. डोक्यावर, कानांच्या मागची एक झालर सोडली तर, केस नाही. लांबून पाहणाऱ्याला अंगणात कोणी तांब्याचा हंडा पालथा घातला आहे असे वाटे. कापसातून सरकी काढणाऱ्या त्या फॅक्टरीचे ते व्यवस्थापक होते. कापूस उन्हातच पाहावा, हा त्यांचा पहिला सिद्धान्त. 'सावलीत सगळाच कापूस पांढरा दिसते' असे ते म्हणत, आणि व्यापाऱ्याने फाटकाबाहेर आडोशाला उभी केलेली गाडी स्वतः बैलाच्या कासऱ्याला धरून उन्हात ओढून आणीत.

हा काळ साठ सालानंतरच्या चार-पाच वर्षांतला आहे. त्या वेळी आमच्या वऱ्हाडात घरंदाज पुरुष बोडक्या डोक्याने रस्त्यावर दिसला की लोक थांबून हळूच विचारीत, 'कोण गेलं?' घरात मृत्यू झाल्याखेरीज टोपी उतरत नसे. मी स्वतः वडील गेले तेव्हा तेवढी उतरवली होती. व्याह्यांनी ही रीत कधी मानली नाही. टोपीत कापसाच्या रुईचे तंतू अडकतात, तंतूंमुळे डोके खाजते आणि खाजणाऱ्या डोक्याच्या माणसाला कापसाचा भाव समजत नाही, अशी त्यांची तर्कपरंपरा होती. अकोल्यातील लोकांनी त्यांना विचारणे सोडून दिले होते. नव्या माणसाने विचारले तर ते गंभीरपणे सांगत, 'केस गेले, बापा. त्याईचंच सुतक आहे.'

माझ्या मुलीच्या लग्नात या स्वभावाचा मला पहिला प्रत्यय आला. वैशाखातला दुपारचा मुहूर्त. सगळे वऱ्हाड मांडवात दाटीवाटीने बसलेले, आणि वरपिता मात्र खुर्ची उचलून मांडवाबाहेर, भर उन्हात जाऊन बसले. वरपिता रुसला, एवढाच अर्थ कोणाही वधूपक्षाने यातून काढला असता. आमच्याकडेही तोच निघाला. पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले. मेहुण्याने सरबताचा पेला पुढे केला, कोणी शालजोडी आणली, आणि अखेर मी, जो शाळेचा मुख्याध्यापक असून कोणापुढे सहसा हात जोडीत नसे, तो हात जोडून उन्हात गेलो आणि म्हणालो, "आमचे काही चुकले असेल तर सांगावे."

ते चकित झाले. "काहून? चुकाले काय झालं?"

"आपण बाहेर येऊन बसलात."

"मंग काय करू? आत अंधार आहे नं, इवाई. सूनबाईचा शालू कोणत्या रंगाचा आहे, तेच दिसून नाही राहिलं मले."

आमच्या बोलीत व्याह्याला इवाई म्हणतात. हा शब्द त्यांच्या तोंडी असा येई की समोरचा मनुष्य आपला नातलग आहे की कापसाची गाडी, याविषयी क्षणभर संशय पडावा. तरीही व्याही म्हणजे व्याही. मुलगी ज्यांच्या घरात दिली त्यांच्यापुढे मनुष्य आयुष्यभर अर्धा इंच वाकून उभा राहतो. सहाशे पोरांना एका नजरेने गप्प करणारा मी, यांच्यापुढे 'आपण', 'कृपा', 'जशी आज्ञा' याच्या पलीकडे कधी गेलो नाही.

पुढे दोन-तीन वर्षांत सूर्याने या बरोबरीच्या नात्याचा हिशेब केला. व्याह्यांच्या टाळूवर, कपाळावर आणि कानांच्या कडांवर खरखरीत, तांबूस चट्टे उमटले. त्यांना त्याचे काही वाटले नाही. काडीपेटी विसरली तर विडी डोक्यावर घासून पेटवता येईल, असे ते सांगत. परंतु मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे अमरावतीस आली तेव्हा आईजवळ बोलली, की मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, उजव्या कानावरचा एक चट्टा भरतच नाही. खपली धरते, गळते, आणि टॉवेलला रोज रक्ताचा ठिपका लागतो. पत्नीने ते मला सांगितले. सुनेला पाहण्यासाठी व्याही संत्र्यांची पाटी घेऊन आले तसे मी त्यांना 'जरा पाय मोकळे करू' म्हणून राजापेठेतून चालवीत नेले आणि कातडीच्या डॉक्टरांच्या पायऱ्या चढायला लावल्या.

हे डॉक्टर परदेशात शिकून नुकतेच आलेले होते. बोलत कमी. मला ते आवडले. त्यांनी भिंगातून टक्कल पाहिले, कान पाहिला, कान दुमडून पुन्हा पाहिला, आणि म्हणाले, "उन्हाने कातडी बिघडली आहे. चट्टे आज साधे आहेत, पण सगळे साधे राहतील असे नाही. कानावरच्याचा मला भरवसा वाटत नाही. नवे मलम निघाले आहे, ते मुंबईहून मागवतो. ते चांगली कातडी ठेवते आणि बिघडलेली जाळते. आधी लाली येईल, मग आग होईल, मग खपल्या धरतील. ती औषध लागू पडल्याची खूण आहे. घाबरून मध्येच सोडलेत तर कान कापावा लागेल, आणि तेवढ्यावर भागले तर नशीब समजायचे. उन्हात जायचे नाही."

व्याह्यांनी बाकीचे सगळे शांतपणे ऐकले. शेवटच्या वाक्याला मात्र ते पुढे सरसावले. "किती ऊन चालंन?"

"अजिबात नाही."

"सकाळचं कवळं?"

"नाही."

"दिवाळीचं? ते तं नुसतं नावाचं ऊन असते, साहेब."

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. या रुग्णाचा पालक मीच आहे असे त्यांनी त्या क्षणी ठरवले आणि पुढे सर्व बोलणी मलाच खावी लागली.

व्याही विधुर होते. मुलगा, म्हणजे आमचे जावई, दिवसभर नोकरीवर. स्वतःची टाळू स्वतःला दिसत नाही, तेव्हा मलम लावणार कोण, हा प्रश्न आला. माझ्या तोंडून शिष्टाचाराने निघून गेले, "आपलेच घर आहे. राहावे." शिष्टाचारात असे म्हणायचे असते आणि समोरच्याने नको म्हणायचे असते. व्याही म्हणाले, "बरं." अशा रीतीने एकाच छपराखाली लेक बाळंतपणाला आणि व्याही मलमाला, असा योग आमच्या घरी आला. शेजारणी दोघांचीही विचारपूस एकाच दमात करीत. 'लेकीचे पाय सुजत नाहीत ना? आणि व्याह्यांचं डोकं?'

शाळेला दिवाळीची सुटी लागली होती. सकाळ-संध्याकाळ मलम लावण्याचे काम माझ्याकडे आले. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून, डोळ्यांना आणि ओठांना टाळून, चट्ट्यांवर पातळ थर द्यायचा आणि नंतर आपले हात स्वच्छ धुवायचे. दुसऱ्याच्या कानाला हात लावण्याचा माझा अनुभव मोठा होता. परंतु तो औषधी नव्हता. पहिल्या दिवशी मी काडी उचलताच व्याह्यांनी ती माझ्या हातून घेतली, कापूस सोडवला, दोन बोटांत ताणून पाहिला आणि म्हणाले, "आखूड धाग्याचा आहे. असला कापूस मी माह्या कानाले लावून नाही घेणार." अकोल्याहून त्यांच्या पसंतीचा लांब धाग्याचा कापूस आला तेव्हा चिकित्सेला प्रारंभ झाला. आठवडाभर काहीच घडले नाही. 'डॉक्टरनं लोणी देलं तुमाले,' असे ते मला सांगत. जणू मलम मीच खाल्ले होते.

मग लाली आली. एक दिवस सकाळी ते चहाला येऊन बसले आणि माझ्या पत्नीच्या हातची बशी खाली पडली. आदल्या संध्याकाळी जेथे डोके होते तेथे आता फुललेला निखारा होता. जे चट्टे आम्हांला ठाऊक होते ते तर पेटलेच, पण जे कोणाला दिसलेही नव्हते तेही कपाळभर उगवले. डॉक्टरांना आनंद झाला. ते म्हणाले, मलम आपले शत्रू ओळखीत आहे. आगीसाठी त्यांनी फार साधे सांगितले: मलम लावल्यावर काही वेळ जाऊ द्यावा, मग गार पाण्यात भिजवून पिळलेले मऊ फडके ठेवावे, टिपून घ्यावे, चोळू नये, वर साधे व्हॅसलीन लावावे. साबण नको, तेल नको, खपली नखाने काढायची नाही, आणि घरगुती लेप तर मुळीच नको.

हे शेवटचे कलम पाळणे व्याह्यांना स्वभावतः अशक्य होते. देणाऱ्याचा हात त्यांनी कधी मागे लोटला नाही. आणि अमरावतीत, विशेषतः आमच्या आळीत, लाल डोके दिसले तर उपाय सांगितल्यावाचून पुढे जाणे हे असभ्यपणाचे समजले जाई. एका घरातून शंभर वेळा धुतलेले तूप आले. दुसऱ्या घरातून कोरफड आली. कोणी चंदन उगाळून पाठवले, कोणी कोथिंबिरीचा रस, कोणी दह्याची साय. एक दिवस दुपारी मी बाजारातून आलो तर व्याही पडवीत बसलेले, डोक्यावर मुलतानी मातीचा थर, त्यावर दही, त्यावर केळीचे पान, आणि तिघी शेजारणी आपापला उपाय कोणत्या थरात आहे ते एकमेकींना दाखवीत आहेत. मी म्हणालो, "डॉक्टरांनी लेप नको सांगितले आहे, असे मला स्मरते." याहून कडक भाषा व्याह्यांशी शक्य नव्हती.

"मी कुठं लावून राहिलो?" ते पानाखालून म्हणाले. "मी तं नुसता बसलो आहे. लावून तं त्या राहिल्या."

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी ते डोके पाहिले आणि मला विचारले, "मुख्याध्यापक, हे डोके आहे की कढीचे पातेले?" माझ्या आयुष्यात मला इतक्या चढ्या आवाजात कोणी प्रश्न केला नव्हता. व्याही शेजारी बसून सहानुभूतीने माझ्याकडे पाहत होते.

लेप बंद झाले तेव्हा त्यांनी गार फडक्याच्या उपायात सुधारणा केली. फडके वारंवार भिजवण्याचा त्रास आम्हांला होतो, हे त्यांना सहन होईना. एक दिवस सकाळी पत्नी देवघरात गेली तो महादेवाच्या पिंडीवरची गलंती नाहीशी झालेली. शोध करता ती पडवीच्या तुळईला टांगलेली आढळली. खाली व्याही मांडी घालून, डोळे मिटून बसले होते, आणि त्यांच्या टाळूवर थेंब थेंब पाणी पडत होते. चेहऱ्यावर परम समाधान. तेवढ्यात शेजारच्या आजी फुले मागायला आल्या. त्यांची दृष्टी अधू होती. पडवीत अभिषेक चाललेला पाहून त्यांनी पायरीवरूनच डोके टेकवले आणि हातातले बेलाचे पान पुढे केले. व्याह्यांनी डोळे न उघडता उजवा हात वर करून आशीर्वाद दिला. पत्नीने मला आत बोलावून सांगितले, "तुम्ही त्यांना काहीतरी बोला."

"ते व्याही आहेत," मी म्हणालो.

"मग महादेवाला तरी सांगा, की थोडे दिवस कोरडा राहा."

गलंती देवघरात परत गेली आणि त्यांच्या डोक्यावर फडके ठेवण्याचे काम मी स्वतःकडे घेतले. माझे जुने धोतर फाडून केलेले ते मऊ तुकडे, माठाचे पाणी, आणि दुपारची शांत पडवी. आग फार असे तेव्हा ते कण्हत नसत. ते बोलत. बैल, सरकी, खामगावचा बाजार, नागपूरची संत्री आणि आमची संत्री, असे अखंड. फडके ठेवले की वाक्याच्या मध्येच आवाज थांबे, खांदे खाली येत, आणि काही वेळाने ते हळूच म्हणत, "हां. आता सांगतो." यावरून मी आग मोजायला शिकलो. ज्या दिवशी ते सलग बोलले त्या दिवशी मी माठ जवळ आणून ठेवी.

खपल्या धरू लागल्या होत्या आणि कान सर्वांत वाईट दिसत होता. त्याच वेळी अकोल्याहून निरोप आला, की जिनिंगचा मुहूर्त ठरला आहे. हंगामातली पहिली गाडी काट्यावर चढते, बैलांना हार घालतात, तराजूला कुंकू लावतात, आणि व्यवस्थापक पहिला कापूस हातात घेऊन उन्हात धरतो. डॉक्टरांचे म्हणणे, मलमाचे शेवटचे आणि महत्त्वाचे दिवस आता आहेत. एक दिवसाचे ऊन सगळ्यावर पाणी फिरवील. हे मी व्याह्यांना नम्रपणे सांगितले. त्यांनीही ते नम्रपणे ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी भरून, पायांत जोडा घालून दारात उभे होते.

"येतो, इवाई. उद्याचा मुहूर्त करून सांजच्याले परत येतो."

माझ्या मागे स्वयंपाकघराच्या दाराशी पत्नी उभी होती. तिच्यामागे पदर सावरून मुलगी. मी तिच्याकडे पाहिले. माझ्या तोंडून आता जे निघेल त्याचे फळ तिला त्या घरात आयुष्यभर खावे लागेल, हे मला स्पष्ट दिसत होते. त्या पोटुशा मुलीने मात्र माझ्याकडे पाहून मान एकदाच हलवली. तेव्हा मी वर्गात बोलतो त्या आवाजात बोललो.

"बसा खाली."

त्यांनी मागे वळून पाहिले. मी कोणा विद्यार्थ्याशी बोलत आहे असे त्यांना वाटले असावे. "कोन, मी?"

"आपणच. जोडा काढा. पिशवी खाली ठेवा."

"तुमी मले हुकूम करून राहिले?"

"होय. नातवाला ओढायला आजोबाचे दोन कान लागतात. एकच ठेवायचा असेल तर निघा. गाडीची वेळ झाली आहे."

मग व्याह्यांनी जोडा काढला, पिशवी भिंतीशी ठेवली, पडवीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले, आणि लग्नात आम्हांला ज्याचा नुसता भास झाला होता ते रुसणे त्यांनी आता खरोखर सुरू केले. पत्नीने शिरा केला, पाहिला नाही. मुलीने दारामागून 'मामाजी' म्हटले; ऐकले नाही. दुपारी मी फडके घेऊन गेलो तेव्हा भिंतीशीच बोलावे तसे म्हणाले, "मुहूर्ताले तिथं आपला मानूस पायजे. उद्या तुमी जा. मंग मी जेवतो."

"जातो," मी म्हणालो.

"टोपी काढून उभं राहा लागंन."

"ते का?"

"त्या काट्यापाशी टोपीवाला कधी उभा नाही राह्यला. कापूस बिथरते."

वडिलांनंतर माझी टोपी उघड्यावर उतरली नव्हती. परंतु सकाळी मी एक हुकूम केला होता आणि तो पाळला गेला होता. मीही पाळायचे ठरवले.

अकोल्याच्या फॅक्टरीच्या फाटकाशी मी टांग्यातून उतरलो, टोपी काढली, घडी करून कोटाच्या खिशात ठेवली आणि आत शिरलो. अंगणात पहिली गाडी उभी होती. कापूस वेचून निवडणाऱ्या बाया, हमाल आणि म्हातारा तोलारी असे सगळे काट्याभोवती जमले होते. माझी ओळख त्यांना लग्नापासून होती. तोलाऱ्याने माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिले, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि काही न विचारता स्वतःचे पागोटे उतरवून जमिनीवर ठेवले. पाठोपाठ सगळ्या हमालांनी टोप्या उतरवल्या. मला वाटले, येथील मुहूर्ताची ही रीतच असावी. मी तराजूकडे एक पाऊल टाकले. तोच एका उंच, कपाळावर गोंदण असलेल्या बाईने कापसाच्या ढिगावर अंग टाकले आणि हंबरडा फोडला.

"गेला व माय! आमचा सायेब गेला!"

मग सगळ्याच रडू लागल्या, आणि आमच्याकडच्या बाया रडतात त्या नुसत्या रडत नाहीत. गेलेल्याचा सगळा जन्म सांगतात. "कसा मानूस होता व! सोताची खोली लेकराईले देल्ली! अंगनात उभा राह्यला, पन लेकराईच्या झोऱ्या नाही काढू देल्ल्या!" मी वळून व्यवस्थापकाच्या खोलीकडे पाहिले. दार उघडे होते. मेजाच्या जागी खांबापासून खांबापर्यंत लुगड्याच्या झोळ्या बांधल्या होत्या आणि प्रत्येकीत एक मूल निजले होते. त्या अंगणात सावलीची दुसरी जागा नव्हती. मी कितीदा तेथे गेलो होतो. व्याह्यांनी मला प्रत्येक वेळी उन्हात उभे करून कापसाचे रंग समजावून सांगितले होते, आणि त्या दारापर्यंत मला कधी जाऊ दिले नव्हते.

मी घसा साफ केला. "ते जिवंत आहेत."

कोणाचा विश्वास बसला नाही. तोलारी डोळे पुशीत म्हणाला, "मंग टोपी कुठं हाय तुमची, मास्तरसाहेब?"

"खिशात."

"काहून?"

"त्यांनीच काढायला सांगितली. कापूस बिथरतो म्हणाले."

हे वाक्य माझ्या कल्पनेतून येणे शक्य नाही, याविषयी सगळ्यांचे तत्काळ एकमत झाले. मी टोपी काढून डोक्यावर ठेवली तेव्हा उरलेली शंकाही गेली. गोंदणवाली बाई ढिगावरून उठली, पदराने नाक पुसले आणि कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "तुमचं तोंडच असं हाय, बापा! बारशाचं बोलावणं घेऊन आले तरी लोक तिरडी शोधतीन!" तेव्हा हसण्याचा जो लोट उसळला त्यात झोळ्यांतली मुले उठली, बैल बुजले आणि मुहूर्ताची वेळ टळली. पहिली गाडी टळलेल्या वेळेवरच काट्यावर चढली. त्या वर्षी हंगाम वाईट गेला नाही.

घरी आल्यावर मी सर्व वृत्तान्त व्याह्यांना सांगितला. सांगताना मी हसलो नाही. त्यामुळे पत्नीला आणि मुलीला आत जावे लागले. व्याही भिंत सोडून माझ्याकडे वळून बसले. त्यांच्या डोळ्यांत लोभी चमक होती.

"कोन कोन रडलं?"

"सगळेच."

"सगळेच नोका म्हनू. नीट सांगा. ते उंच बाई, गोंदणाची, ते रडली?"

"सर्वांत आधी. आणि सर्वांत मोठ्याने."

"काय म्हंता! तिच्या नवऱ्याले मी दोन डाव कामावरून काहाडलं आहे." ते फार वेळ खूश होऊन मान डोलवीत राहिले. मग मी झोळ्यांविषयी विचारले. त्यांनी हात झटकला. "पोट्टे उन्हात रडतात. त्याईची माय कापूस टाकून धावते. कामाचा खोळंबा नाही होत काय?" आणि लगेच, "शिरा उरला आहे काय इहिनीपाशी?"

त्यानंतर त्यांनी मलमाला आणि मला कधी विरोध केला नाही. काही दिवसांनी मलम बंद झाले आणि खपल्या आपोआप गळू लागल्या. मुलीला मुलगा झाला त्याच आठवड्यात डॉक्टरांनी कान तपासला. भिंगातून इतका वेळ पाहिला की मी माझे बोट खुर्चीच्या वेतात अडकवून बसलो होतो, हे मला उठताना समजले. डॉक्टर म्हणाले, "कान राहिला. जपलात चांगले." हे त्यांनी व्याह्यांना न सांगता मला सांगितले. घरी नातू पाळण्यात होता आणि आजोबा त्याच्याशेजारी खुर्चीत. दोघांचीही कातडी एकाच गुलाबी रंगाची, एकाच नवेपणाची. पाहायला येणाऱ्या बाया आधी कोणाकडे पाहावे याविषयी गोंधळत.

परंतु डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. अशी कातडी एकदा वाचते. पुन्हा उन्हात नेली तर वाचेलच असे नाही. दिवसाचे ऊन आता जन्मभर वर्ज्य. व्याह्यांनी या वेळी 'किती चालंन' असे विचारले नाही.

अकोल्याच्या अंगणात त्यांनी पत्र्याची एक लहानशी पडवी काढून घेतली आणि तिच्या आत, कडेपासून हातभर मागे, खुर्ची टाकली. झोळ्या होत्या तेथेच राहिल्या. मी वर्षातून एक-दोनदा जाई. आम्ही दोघे त्या पडवीत बसत असू. बोलणे फारसे नसे. त्यांचे बोलणे अलीकडे कमी झाले होते. एकदा असाच बसलो असता ते अंगणाकडे पाठ करून होते. कासऱ्यावर हात ठेवून कोणी माल पाहत होते आणि ते पाहणे त्यांना नको होते, असे मला वाटले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "इवाई, ऊन कसं आहे?"

"चांगले आहे," मी म्हणालो.

"चांगलं म्हंजे काय? मास्तर आहा तुमी. नीट सांगा."

मी उठलो, पत्र्याच्या कडेपर्यंत गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदाच उन्हाकडे ऊन म्हणून पाहिले. मग, मला येते तेवढ्या भाषेत, सांगितले, की बैलांच्या पाठीवर ते पिवळे आहे. फाटकाच्या भिंतीवर चढता चढता तांबूस होत आहे. आणि जमिनीवर पडले आहे तेथे त्यात धूळ तरंगताना दिसते.

त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "हां," ते म्हणाले. "म्हंजे चार वाजत आले असतीन."

मी घड्याळ काढून पाहिले नाही.